खुदखुदीचा मामा

परीक्षेच्या दिवशी नाटकाच्या बाई शाळेपाशी पोचल्या तेव्हा फाटकही उघडले नव्हते. बाहेर उभ्या उभ्या त्यांनी पिशवी तिसऱ्यांदा चाचपली. खडू होता, पितळी घंटी होती, गुणपत्रिका होती, दोन पेने होती आणि तिसरे पेनही होते, कारण दोन्ही पेने एकदम रुसतात असा त्यांचा जन्माचा अनुभव. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण त्यात काळजी थोडी आणि हुरूपच फार. आज त्यांची पोरे बोलणार होती. दोन महिने ज्यांच्या मागे मागे फिरली त्या माणसांच्या तोंडून बोलणार होती. शिपाई किल्ल्या खुळखुळवत आला तेव्हा बाई इतक्या उतावीळ झाल्या होत्या की त्याने मुकाट्याने किल्लीच त्यांच्या हातात दिली.

काळजीला कारण नव्हते असे नाही. मुख्याध्यापकांच्या मते नाटक ही हौस होती, विषय नव्हे. नाटकाची खोली चांगली लांबरुंद आणि उजेडाची होती, आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला त्यांना जागा हवी होती. गठ्ठ्यांना उजेड कशाला लागतो, हे बाईंनी विचारून पाहिले होते. त्यावर मुख्याध्यापक नुसते हसले होते, आणि ते हसले की काम फसले असे समजायचे असते. शेवटी घासाघीस होऊन ठरले ते असे: वर्गात नऊ मुले, प्रत्येकाचे भाषण चाळीस गुणांचे, आणि गुण देणार बाहेरून आलेले परीक्षक. नऊ जणांची बेरीज दोनशे सोळा भरली, म्हणजे सरासरी साठ टक्के झाली, तर नाटकाचा वर्ग राहील. नाही भरली तर पुढच्या वर्षीपासून खोलीत गठ्ठे.

परीक्षक कोण येणार, तर पाव मार्कवाले. त्यांचे खरे नाव कोणी घेतच नसे. इतर शाळांतून त्यांची कीर्ती आधीच येऊन थडकली होती. ते एक गुण कापत नसत, अर्धा कापत नसत, पाव कापत. आणि पाव पाव करत पोराला असे सोलत की शेवटी हाती काय उरले ते त्याचे त्यालाही कळू नये. या शाळेत ते पहिल्यांदाच येत होते. बाईंनी त्यांना पाहिले नव्हते. दुसऱ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने फोनवर वर्णन सांगितले होते: पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा, बोलतात कमी आणि लिहितात जास्त.

आता बाईंची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या पद्धतीतूनच झाला. प्रत्येक मुलाने ओळखीतले एक कामकरी माणूस निवडायचे. दोन महिने त्याचे चालणे, बोलणे, खोकणे, थकणे बघायचे. मग त्याच्या तोंडी चार मिनिटांचे भाषण लिहायचे आणि तेच माणूस होऊन वर्गासमोर करायचे. खोलीच्या मधोमध बाई खडूने रेष ओढत. रेषेच्या अलीकडे तुम्ही शाळेतले पोर, पलीकडे तुम्ही ते माणूस. पलीकडे असताना परीक्षक एक प्रश्न विचारणार, आणि त्याचे उत्तरही त्या माणसानेच द्यायचे. गुणपत्रिकेत दहा-दहा गुणांचे चार रकाने: आवाज, शरीर, भूमिकेत टिकणे आणि उत्तर. रेषेपलीकडे एकदा जरी फिस्सकन हसलात किंवा ‘बाई, विसरले’ म्हणालात, तर टिकण्याचे दहाच्या दहा गेले. बाईंनी मधेच घंटी वाजवली तरी तेच.

आणि सगळ्यात वर बाईंची स्वतःची एक टूम होती. ज्या माणसाची भूमिका करायची, ते माणूस परीक्षेला मागच्या बाकावर हजर हवे. त्याला बाई ‘अस्सल’ म्हणत. अस्सलाने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, नुसते बघायचे. अस्सलासमोर खोटेपणा चालत नाही, पोरे आपोआप ताळ्यावर राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. बाई यातल्या बहुतेकांना ओळखत नसल्यामुळे प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी द्यायची: माझे अस्सल कोण आणि ओळखायची खूण काय. खुदखुदीच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘माझा मामा. लिफ्ट दुरुस्त करतो. खूण: हात ग्रीसने काळे.’

खुदखुदी म्हणजे हजेरीपटावरची शेवटच्या क्रमांकाची मुलगी. हे नाव तिला वर्गाने दिले होते आणि बाईंच्याही तोंडी तेच बसले होते. पोरगी गुणी, पण हसू म्हणून आवरत नसे. गेल्या सत्रात ती न्यायाधीश झाली होती. आरोपीला जन्मठेप सुनावता सुनावता ती इतकी हसली की आरोपीच खाली बसून तिला पाणी आणा म्हणू लागला. तेव्हा तिला चाळीसपैकी अकरा मिळाले होते. या वेळी अकरा मिळून भागणार नव्हते, आणि हे तिलाही ठाऊक होते. परवाच बाईंकडे येऊन ती म्हणाली होती, माझ्यामुळे वर्ग गेला तर? एवढे बोलून ती हसली नव्हती, यावरूनच काय ते समजावे.

साडेनऊपर्यंत मागचे बाक भरत आले. बेकरीवाले आले, त्यांच्या भुवयांवर अजून मैदा होता. प्रसूतिगृहातल्या नर्सबाई रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. एका मुलाची आजी आली. ही आजी अडुसष्टाव्या वर्षीही तलावावर पोहायला शिकवत असे आणि तिच्या दंडाकडे बघून कोणी तिला आजी म्हणायला धजावत नसे. टॅक्सी चालवणारी आत्या आली, चष्म्याच्या दुकानातले काका आले. सगळी मोठी माणसे बाकांवर गुडघे आवळून पोरांसारखी बसली. मुलांना बाईंनी शेजारच्या सामानाच्या खोलीत कोंडले. एकेकाने हाक मारल्यावर बाहेर यायचे, भाषण करायचे आणि मग कडेच्या सतरंजीवर बसायचे. खुदखुदीचा नंबर शेवटचा.

पावणेदहाला दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा. केस पाणी लावून चापून बसवलेले, अंगात डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा कोट, काखोटीला काळी फाईल. हात इतके स्वच्छ की नखे पांढरी पडलेली. मला इथे बोलावलंय, एवढेच ते हळू आवाजात म्हणाले.

बाई जवळजवळ धावल्याच. या सर, या, तुमचीच वाट बघत होतो, असे म्हणत त्यांनी गृहस्थांना टेबलामागच्या खुर्चीशी नेले. बसण्याआधी गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि खुर्चीवर पसरला. बाईंनी पुढे केलेले पेन घेतले आणि कानावर अडकवले. मग बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक केले आणि मान तिरकी करून ऐकले.  जो माणूस टेबलसुद्धा तपासून घेतो तो पोरांना काय सोडणार!

गृहस्थांनी गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, सगळ्यांनाच द्यायचे का? सगळ्यांनाच, बाई म्हणाल्या, आणि मनात काही ठेवू नका. गृहस्थांनी मान डोलावली. त्यांच्या भाचीने त्यांना सकाळीच बजावले होते: बाई सांगतील तिथे बसायचं, सांगतील ते करायचं, आणि आपणहून बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भाचीच्या शाळेत जायचे म्हणून त्यांनी हात राखेने आणि ब्रशने तासभर घासले होते आणि रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून बिलांची फाईल काखोटीला मारली होती.

दहाला बेकरीवाल्यांचा मुलगा रेष ओलांडून पलीकडे गेला आणि तोंड उघडणार एवढ्यात दार करकरले. आत आलेले दुसरे गृहस्थही पन्नाशीचे, सडपातळ आणि चष्मेवाले, पण सदरा घामाने चिकटलेला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळेकुट्ट. येताना त्यांच्या सायकलची चेन तीनदा पडली होती. बाईंनी ते हात पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. ओठांवर बोट ठेवून त्या चवड्यांवर गेल्या, गृहस्थांना कोपराला धरून मागच्या बाकावर आजीशेजारी बसवले आणि कानाशी कुजबुजल्या, “काका, एक शब्द काढायचा नाही. तुम्ही बोललात तर तुमच्या पोरीचे दहा गुण गेले म्हणून समजा.”

काकांनी तोंड उघडले, आणि मिटले. वीस वर्षांत त्यांना गप्प बसायला कोणी सांगितले नव्हते. काय घडले ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल. बाईंच्या लक्षात यायला अजून दोन तास होते.

बेकरीवाला सुरू झाला. पोराने पीठ मळले, पाव भट्टीत सरकवले, पहाटेच्या गिऱ्हाइकांची नक्कल केली. प्रश्नाची वेळ आली तेव्हा बाईंचे धाबे दणाणले, कारण परीक्षक लोक ‘या व्यक्तिरेखेचा आंतरिक हेतू काय’ असले काहीतरी विचारतात आणि पोरे गारठतात. खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारले, “भट्टी अचानक बंद पडली आणि बाहेर माणसं उभी आहेत. आधी कोणाकडे बघता, भट्टीकडे की माणसांकडे?”

 माणसांकडे बघितलं तर हात चुकतो, म्हणून दार लोटून घेतो आणि मग भट्टीकडे बघतो, असे पोराने सांगितले. मागच्या बाकावर बेकरीवाल्यांनी मांडीवर थाप मारली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. बाई तर हरखूनच गेल्या. असा प्रश्न त्यांना स्वतःला सात जन्मांत सुचला नसता. त्यांनी पत्रिकेत हळूच डोकावून पाहिले. शरीराच्या रकान्यात सहा, आणि पुढे शाळकरी अक्षरात लिहिले होते: ‘मळताना नुसते हात हलले. मळणारा जोर पायावर घेतो.’ कुठेही पाव नाही. लोक उगाच काहीच्या काही उठवतात, बाईंच्या मनात आले.

मग दिवसाने जो वेग घेतला तो घेतला. नर्सबाई झालेल्या मुलाला गृहस्थांनी विचारले की ड्यूटी संपल्यावर पहिले काय करता. तो म्हणाला, बूट काढते आणि पाच मिनिटे कोणाशी बोलत नाही. मागे खऱ्या नर्सबाई एकदम ताठ बसल्या. टॅक्सीवाल्या आत्याची भाची, चष्म्याच्या काकांचा पुतण्या, एकामागून एक येत होते आणि बाई टेबलाच्या कडेला उभ्या राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होत्या, मुठी वळत होत्या, मधेच टाचा उचलत होत्या. मागचे काळ्या हातांचे काका दुसऱ्या भाषणानंतर बोट वर करून अर्धवट उठले होते. बाईंनी डोळे वटारले, आणि पोहणाऱ्या आजीने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवले. तिसऱ्यानंतर ते उठले नाहीत. खिशातून एक पाकीट काढून त्याच्या पाठीवर ते काहीबाही लिहू लागले. आजीला पोहताना पाय दुखतात का, या प्रश्नावर तिच्या नातवाने ‘पाण्यात नाही दुखत, म्हणून तर पाण्यात जाते’ असे उत्तर दिले, तेव्हा या काकांनी चष्मा काढून पुसला.

आठ जण संपले. बाईंना पत्रिका उलटीकडूनही वाचता येत होती. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली: एकशे ब्याण्णव. आता चोवीस हवे होते. चाळीसपैकी फक्त चोवीस, आणि ते आणायचे होते खुदखुदीने.

त्यांनी हाक मारली. सामानाच्या खोलीचे दार उघडून खुदखुदी बाहेर आली. अंगात मामाचा खाकी सदरा, बाह्या दुमडलेल्या, खांद्याला अवजारांची पिशवी. ती रेषेपाशी आली, मान वर केली आणि जागच्या जागी थिजली. तिची नजर परीक्षकांच्या खुर्चीवर होती. तिचे गाल फुगले. बाईंना ते गाल चांगले माहीत होते. ते फुगले की पुढच्या क्षणी हसू फुटायचे. बाईंनी डोळे गच्च मिटले.

काहीच ऐकू आले नाही. बाईंनी डोळे उघडले तेव्हा पोरीने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि रेष ओलांडली.

पलीकडे एक स्टूल ठेवले होते. खुदखुदीने खिशातून रुमाल काढला, झटकला आणि स्टुलावर पसरला. बसली. पेन कानावर अडकवले. मग बोटाच्या पेराने शेजारच्या फळीवर दोनदा टकटक केले आणि मान तिरकी करून ऐकले.

सतरंजीवरची पोरे एकमेकांना ढोसायला लागली. आठही माना खुर्चीकडे वळल्या आणि परत स्टुलाकडे वळल्या. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. कार्टी दाराच्या फटीतून बघत बसली होती तर! मामाचे सोंग सोडून चक्क परीक्षकांची नक्कल करते आहे, तीही त्यांच्या तोंडावर. दोन महिने, नऊ पोरे, खोली, सगळे आता मातीत जाणार. बाईंचा हात घंटीवर गेला.

घंटी वाजवण्याआधी त्यांनी मागे पाहिले, त्या बिचाऱ्या काळ्या हातांच्या मामाला काय वाटले असेल म्हणून. मामाला काहीच वाटलेले दिसत नव्हते. तो पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहीत होता. मजकूर, आकडे, पुन्हा मजकूर. आकड्यांच्या पुढे छोटे छोटे अपूर्णांक. बोलतात कमी, लिहितात जास्त. बाईंनी खुर्चीकडे पाहिले. पांढरी नखे, कानावरचे पेन, डांबराच्या गोळ्या. मग स्टुलावरच्या पोरीकडे पाहिले. आणि पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते त्यांना समजले.

आता शहाणपणाचे एकच होते. घंटी वाजवायची, हात जोडायचे, खुर्च्या बदलायच्या आणि पोरीला पुन्हा करायला लावायचे. नियमाने तिचे दहा गुण गेले असते, पण बाईंची चूक तिथल्या तिथे सुधारली असती. न वाजवली तर आतापर्यंत नकळत झालेला गोंधळ यापुढे जाणूनबुजून केल्यासारखा होत होता. पण रेषेपलीकडे ती पोरगी बसली होती. परीक्षकांच्या खुर्चीत आपला सख्खा मामा कोट घालून बसलेला तिला दिसत होता, आणि तरी ती हसत नव्हती. हे तिला दुसऱ्यांदा जमले नसते. कोणालाच जमले नसते. बाईंनी घंटीवरचा हात काढला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

“लोक मला बोलावतात तेव्हा चिडलेले असतात,” खुदखुदी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण खाली उतरलेला, सावकाश. “लिफ्ट नीट चालते तेव्हा माझी कोणाला आठवण येत नाही. त्याचं मला काही नाही. परवा एका इमारतीत गेलो, तर आठजण खाली उभे राहून मला सांगतायत काय बिघडलं असेल. मी म्हटलं, आत कोणी आहे का? तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की आत एक बाई आहे. अर्ध्या तासापासून. मी अवजारं काढली नाहीत. आधी दारावर दोनदा वाजवतो. मग ऐकतो. आतून काहीतरी येतं, कधी शिव्या येतात, कधी रडणं येतं, कधी नुसता श्वास. मग मी सांगतो, मी आलोय. दार उघडेपर्यंत मी कुठेही जाणार नाही. एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं ग्रीसचं.”

ती उठली, खांद्यावरची पिशवी सरळ केली, रुमालाची घडी घातली. हा रुमाल कशाला, ते तिने सांगितले: लोक खुर्ची देतात, पण माझे कपडे बघून त्यांचा जीव खुर्चीत अडकतो, म्हणून मीच अंथरतो, म्हणजे दोघंही निवांत. मागे टॅक्सीवाली आत्या ‘अगदी’ असे पुटपुटली आणि कोणी तिला गप्प केले नाही.

भाषण संपले. आता प्रश्न. तो विचारायचा परीक्षकांनी, आणि खुर्चीत परीक्षक नव्हते. बाईंनी एकदा मागच्या बाकाकडे पाहिले. मग त्या मामाकडे वळून म्हणाल्या, “सर, तुमचा प्रश्न.”

मामाने कानावरचे पेन काढून टेबलावर ठेवले. मग त्याने भाचीकडे पाहिले. त्याच्याच सदऱ्यात ती त्याच्यासमोर उभी होती.

“तुम्हाला भीती वाटते का?” त्याने विचारले. “वर उभं राहून त्या पोकळीत खाली बघताना?”

“वाटते,” ती म्हणाली. “रोज वाटते.”

“मग घरी सांगता?”

“नाही सांगत. घरी भाची आहे, ती सारखी हसत असते. सांगितलं तर थांबेल. म्हणून घरी गेलो की आधी मोरीत जातो आणि हात धूत बसतो. तिला वाटतं ग्रीस निघत नाही. ग्रीस केव्हाच निघालेलं असतं. हात थरथरायचे थांबेपर्यंत मी नळ चालू ठेवतो.”

 मामाचे दोन्ही हात टेबलावर होते, आणि ते इतके स्वच्छ होते की सगळ्यांची नजर तिथेच खिळली. त्याने हे कोणालाही कधी सांगितले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेले होते. स्टुलाजवळची मुलगी त्याच्याकडे बघत किंचित मान हलवून उभी राहिली, तिच्या ओठाचा डावा कोपरा जरासा हलला, आणि ती रेष ओलांडून अलीकडे आली.

अलीकडे पाऊल पडले मात्र, आणि चार मिनिटे दाबून धरलेले सगळे हसू एकदम फुटले. ती पोट धरून हसली, हसता हसता रडली आणि म्हणाली, “मामा, तू तिथे काय करतोयस?”

“बाईंनी बसवलं,” मामा म्हणाला. “तूच म्हणालीस, बाई सांगतील तसं कर.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकले की मामांना परीक्षक समजून खुर्चीत बसवले, परीक्षकांना मामा समजून मागे बसवले, आणि शेवटच्या भाषणाच्या मध्यावर हे कळूनही आपण ते थांबवले नाही. सांगताना त्यांना शरम वाटत नव्हती, आणि याचेच त्यांना नवल वाटत होते. बेकरीवाले आणि आजी जरा जरा बाजूला सरकले. मधे काळ्या हातांचे पाव मार्कवाले तेवढे उरले.

ते उठून पुढे आले. “तुम्ही मला गप्प बसवलंत,” ते म्हणाले.

“हो.”

“दोनदा.”

“एकदा मी. एकदा आजींनी.”

त्यांनी टेबलावरची गुणपत्रिका उचलली आणि आपल्या पाकिटाशेजारी धरून ओळीने वाचली. पायावरच्या जोराची नोंद त्यांनी दोनदा वाचली. शेवटच्या ओळीशी ते थांबले. खुदखुदीचे चारही रकाने कोरे होते. त्यांनी मामाला कारण विचारले.

“घरची आहे ती,” मामा म्हणाला. “मला नीट दिसणार नाही.”

परीक्षकांनी मान हलवली. पत्रिकेवर सही माझी लागते, तेव्हा गुणही माझेच लागतील, असे म्हणून ते एक-एक आकडा खोडून आपला लिहू लागले. बेकरीवाल्याचे सव्वा गेले, नर्सबाईंचे पाऊण वाढले. बाई उभ्या उभ्या बेरीज करत होत्या. आठ जणांचे एकशे सव्वासत्याऐंशी. आता पावणेएकोणतीस हवे होते. पेन शेवटच्या ओळीवर आले. आवाज नऊ. शरीर साडेसात. उत्तराला दहा, हा आकडा लिहिताना त्यांचा हात जरा अडखळला, सवय नसावी. टिकण्याच्या रकान्यात सव्वासात. एकूण पावणेचौतीस.

बाईंचा जीव भांड्यात पडला. दोनशे एकवीस! त्यांनी खुदखुदीचा दंड इतका करकचून दाबला की ती ओरडली. सतरंजीवरची पोरे उठून उड्या मारू लागली. वर्ग राहिला होता.

पण मामाचे समाधान झाले नव्हते. तो पुढे वाकून पत्रिका वाचत होता. “साहेब, हे पाव कसले गेले?” त्याने विचारले. “बाकीचं समजलं. आधी गाल फुगवून उभी राहिली, त्याचे अडीच कापलेत ते ठीक आहे. वरचा पाव?”

“शेवटी ओठाचा डावा कोपरा हलला,” परीक्षक म्हणाले. “रेषेच्या पलीकडे असताना. तिला हसू येत होतं.”

“ते हसू तिचं नाही, साहेब. माझं आहे. खरं बोलून झालं की माझं तोंड तसं होतं.”

परीक्षकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. मागचे बाक पाहू लागले, पोरे पाहू लागली. आणि सगळे बघताहेत म्हणून अवघडलेल्या मामाच्या ओठाचा डावा कोपरा जरासा हलला.

“हाच तो,” पोहणारी आजी म्हणाली.

परीक्षकांनी सव्वासात खोडून साडेसात केले. एकूण चौतीस, पूर्ण चौतीस. मग त्यांनी सही केली आणि कागदावर काळा अंगठाही उमटला.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. एकूण प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. ते थेट कोटवाल्या मामाकडे गेले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि सरांना आमची मुले कशी वाटली, असे विचारू लागले. मामा म्हणाला, मुलं चांगली आहेत, पण मी लिफ्टवाला. मुख्याध्यापकांनी गोंधळून दुसऱ्या गृहस्थांचे हात पाहिले आणि स्वतःचे हात पाठीमागे घेतले.

“बेरीज बघा,” परीक्षकांनी पत्रिका त्यांच्यापुढे धरली. “आणि पुढच्या वर्षी मला मागच्याच बाकावर जागा ठेवा. त्या मुलाने बूट काढल्याचं सांगितलं तेव्हा नर्सबाई कशा बसल्या, ते समोरच्या खुर्चीतून दिसलं नसतं. याच खोलीत ठेवा.”

मुख्याध्यापकांनी बेरीज केली, परत केली आणि हसले. या वेळी बाईंनी त्यांच्या हसण्याला भीक घातली नाही. त्या ओल्या फडक्याने खडूची रेष पुसायला वाकल्या होत्या, आणि मग विचार बदलून त्यांनी ती तशीच राहू दिली.

परीक्षक हात धुवायला निघाले तेव्हा मामाने त्यांना अडवले. नुसत्या साबणाने ते जायचं नाही, आधी तेल चोळायचं, चला, दाखवतो, असे म्हणत तो त्यांना व्हरांड्यातल्या नळापाशी घेऊन गेला. पिशवीतली तेलाची बाटली घेऊन खुदखुदी मागोमाग गेली. मामाने परीक्षकांच्या तळव्यांवर तेल ओतले, बोटांच्या बेचक्यांत कसे चोळायचे ते सांगितले, नळ सोडला, आणि बोलता बोलता आपलेही हात त्या पाण्याखाली धरले.

खुदखुदीने ते पाहिले. ती पुढे झाली आणि त्याचे दोन्ही हात तिने पाण्यातून बाहेर घेतले.

“तुझे स्वच्छ आहेत, मामा,” ती म्हणाली.

“हो,” मामा म्हणाला, आणि ते पुसायला त्याने तिच्याच खिशातला रुमाल काढला.